मुंबईतला तबेला, शेळ्या आणि खुराडं: जंत-गोचिडांचा बंदोबस्त टप्प्याटप्प्याने

गोचीड म्हशीच्या कासेवर दिसतो, म्हणून औषध म्हशीवर मारलं जातं. पण अंगावर दिसतात ते त्यांच्या पसाऱ्यातले थोडेच. अंडी, पिल्लं आणि उपाशी बसलेले गोचीड भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या बुडाशी, लाकडी खांबांच्या खाचांत दडलेले असतात. जंतांचंही तेच. पोटात असतात त्याहून कितीतरी जास्त शेणात, लेंड्यांत आणि ओल्या गवतावर असतात. मोकळ्या माळावर ऊन तरी मदतीला येतं. जोगेश्वरी-गोरेगावचा तबेला, आरेतला पाडा, गोवंडीच्या गल्लीत बांधलेल्या शेळ्या, कोळीवाड्यातलं खुराडं, सगळीकडे जनावर वर्षभर त्याच चार हात जागेत आणि हवा बारा महिने दमट. इथली थंडीही गोचिडांना थोपवण्याइतकी नसते. म्हणून मुंबईत जनावराइतकाच जागेवरही उपचार करावा लागतो. नुसत्या बाटल्या बदलून हाताला काही लागत नाही.

आधी शेण तपासा

"दर तीन महिन्यांनी जंताचं औषध" हा सल्ला सरसकट दिला जातो. तबेल्यात बांधून, कडबा-भुसा आणि खुराकावर ठेवलेल्या मोठ्या म्हशीला गोल जंतांचा त्रास सहसा कमीच असतो, कारण ती चरायला जातच नाही. तिला दर तिमाहीला पाजलेलं औषध बऱ्याचदा वाया जातं. उलट तिच्याच शेजारी बांधलेलं पंधरा दिवसांचं रेडकू जंतांनी मरायला टेकलेलं असतं आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. कोणाला काय द्यायचं हे शेणावरून ठरवावं.

नमुना घ्यायची रीत सोपी आहे. हातात प्लास्टिकची पिशवी घाला, जनावराच्या गुदद्वारातून मूठभर शेण घ्या आणि पिशवी तशीच उलटी करून गाठ मारा. शेळीच्या आठ-दहा लेंड्या पुरतात. जमिनीवरचं शेण उचललंच तर ताजं हवं आणि वरच्या थरातलं, मातीला न टेकलेलं. पिशवीवर जनावराची खूण, वय आणि आधीचं औषध कधी दिलं ते लिहा. नमुना त्याच दिवशी पोचवा. तेवढ्यात जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. परळला १८८६ पासून असलेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्राचा विभाग आहे, तिथे विचारा. नाहीतर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पुढे जातो. देताना "गोल जंत आणि चपटे कृमी, दोन्ही बघा" असं सांगायला विसरू नका. गोल जंतांची अंडी द्रावणावर तरंगवून पाहतात. चपट्या कृमींची अंडी जड असल्यामुळे तळाशी बसवून पाहावी लागतात. एकच चाचणी झाली तर दुसरं हमखास निसटतं.

औषध दिल्यावर १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक नमुना द्या. अंड्यांची संख्या ९५ टक्क्यांहून कमीच उतरली असेल, तर त्या जंतांनी औषधाला दाद देणं सोडलं आहे असा संशय धरावा. ही दुसरी तपासणी फारसं कोणी करत नाही आणि पैसे वाया जातात ते नेमके इथे.

वजन अंदाजाने नको

कमी डोस दिला की मरायचे ते जंत मरतात आणि चिवट तेवढे उरतात. पुढची पिढी त्यांचीच. त्यामुळे वजन मोजूनच डोस ठरवा. शिवणकामाची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत वजन निघतं. ७८ इंच घेर आणि ६० इंच लांबीची म्हैस साधारण साडेपाचशे किलो भरते. २८ आणि २६ इंचांची शेळी ३० किलोच्या आसपास. गाभण जनावराचं वजन थोडं फुगून येतं, तेवढं चालतं.

आणखी एक घोटाळा दुकानात होतो. मागच्या वेळी एक कंपनी, या वेळी दुसरी, म्हणजे "औषध बदललं" असं वाटतं. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच गटातली आहेत. एकाला न जुमानणारे जंत दुसऱ्यालाही जुमानत नाहीत. लेव्हामिसोल वेगळ्या गटातलं, आयव्हरमेक्टिन आणखी वेगळ्या. बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव सोडा, खाली बारीक अक्षरांत घटक लिहिलेला असतो तो वाचा.

म्हशी: गवतातून येणारा फ्ल्यूक

शहरातले तबेले बाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली. ओल्या जमिनीत जोमाने वाढणारं पॅरा गवत मुंबईच्या म्हशींच्या दावणीला तेव्हापासून ओळखीचं. गवत चांगलंच आहे, फक्त ते कुठल्या पाण्यावर वाढलं ते बघायला हवं. तबेल्याचं शेणपाणी गवताला सोडायचं आणि तेच गवत कापून तबेल्यात आणायचं, हे लिव्हर फ्ल्यूक या यकृतातल्या चपट्या कृमीच्या पथ्यावर पडतं. शेणातली अंडी पाण्यात फुटतात, पिल्लं पाणगोगलगाईत शिरतात, तिथे वाढून बाहेर पडतात आणि गवताच्या काडीवर, पाण्याच्या पातळीलगत कवच करून चिकटून बसतात. धुतल्याने ती सुटत नाहीत.

उपाय तिथेच करायचा. कापणाऱ्याला सांगा की पाण्यापासून वीतभर वरून काप, बुडखा नको. उघाडीच्या दिवसांत गवत कडक उन्हात चांगलं वाळवून घालावं. पावसाळ्यात वाळणं शक्यच नसतं, तेव्हा ओल्या गवताचं प्रमाण कमी करून कडबा वाढवावा. शेण ताजं सोडू नका. ढिगात तापून कुजलं की बहुतेक अंडी मरतात. गोगलगाई मारायला मोरचूद टाकायचा सल्ला मिळतो. मी तो देणार नाही. ते पाणी नाल्यातून खाडीत जातं आणि आधी मासे मरतात. बदकं ठेवता आली तर ती गोगलगाई आवडीने खातात.

औषधाची वेळ इथे फार महत्त्वाची. ऑक्सिक्लोझानाईड (किलोला १० ते १५ मिलिग्रॅम) फक्त वाढलेल्या फ्ल्यूकवर चालतं. जुलैत गवतातून आत गेलेला फ्ल्यूक मोठा व्हायला तीनेक महिने किंवा जास्त लागतात, म्हणून ऑगस्टमधला डोस त्याला लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत एकदा आणि मेच्या अखेरीस, पावसाआधी, एकदा असा बेत धरा. मेच्या डोसाने पावसात अंडी बाहेर पडणंच कमी होतं. ट्रायक्लाबेंडाझोल लहान फ्ल्यूकही मारतं, पण दुभत्या म्हशीला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. दुधात अंश उतरतो.

पोटातल्या दुसऱ्या चपट्या कृमींची एक खोड लक्षात ठेवा. पावसाळ्यात त्यांची पिल्लं लहान आतड्यात शिरतात आणि जनावराला पिचकारीसारखी, घाण वासाची हगवण लागते. पिल्लं अंडी घालत नाहीत, म्हणून शेणाचा अहवाल साफ येतो. जबड्याखाली सूज, डोळे फिके, पाण्यासारखी हगवण आणि अहवालात काही नाही, असं झालं तर अहवालावर विसंबू नका, डॉक्टरांना बोलवा. ऑक्सिक्लोझानाईड या पिल्लांवर चालतं.

रेडकू: चौदावा दिवस चुकवू नका

म्हशीच्या रेडकांत मोठे गोल जंत आईच्या दुधातून येतात. म्हणजे गोठा कितीही स्वच्छ असला तरी येतातच. अळ्या म्हशीच्या शरीरात दडून असतात आणि व्याल्यावर चिकातून, दुधातून रेडकात उतरतात. रेडकू तीन आठवड्यांचं होईतो जंत वाढून अंडी घालायला लागतात. मग पांढरट, चिकट, आंबूस वासाचं शेण, फुगलेलं पोट, उभे केस. तबेल्यात दगावणाऱ्या रेडकांमागे हे कारण बऱ्याचदा असतं.

दहाव्या ते सोळाव्या दिवसात पहिला डोस द्या. पिपेराझिन (किलोला २०० मिलिग्रॅम) स्वस्त आहे आणि काम करतं. फेनबेंडाझोलही चालतं. याच वेळी दिलं तर जंत अंडी घालण्याआधीच जातात आणि जमीनही वाचते. ती अंडी ओल्या जागी कित्येक महिने तग धरतात. दुसरा डोस तीन आठवड्यांनी. खूप जंत असतील तर एकदम मेलेल्या जंतांनी आतडं तुंबू शकतं, म्हणून अगदी खंगलेल्या रेडकाला डॉक्टरांसमोरच पाजा. पाजताना मान वर ताणू नका. नाक डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर जाऊ देऊ नका, नाहीतर औषध फुप्फुसात जातं.

गोचीड: आधी भिंत, मग म्हैस

गोचिडाची मादी रक्त पिऊन टम्म झाली की गळून पडते, भेगेत शिरते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली पिल्लं जनावराची वाट बघत उपाशी महिनोन् महिने राहतात. म्हशीला फवारून त्याच भिंतीला बांधलं तर पंधरवड्यात तीच स्थिती परत.

पहिल्या दिवशी गोठा रिकामा करा. शेण, उरलेला चारा, कोपऱ्यातली जुनी पोती बाहेर काढून जाळा. भिंती, गव्हाण आणि खांब लोखंडी ब्रशने घासा. भेगा सिमेंटने बुजवा. इतर कशाहीपेक्षा याचाच उपयोग जास्त, आणि नेमकं हेच काम टाळलं जातं. विटांची भिंत असेल तर प्लास्टर करून घ्या, नसेल परवडत तर निदान गुडघ्यापर्यंत. फ्लेम गन फिरवणारे लोक मिळतात, पण वर ताडपत्री, बांबू, लोंबत्या वायरी आणि शेजारी वैरण असलेल्या मुंबईच्या तबेल्यात मला ते धोक्याचं वाटतं. चुना मारा. मग गोचीडनाशकाचं द्रावण भेगांत, खांबांच्या बुडाशी आणि छताच्या खालच्या कडेला फवारा.

त्याच दिवशी सगळ्या जनावरांना फवारा, एकट्या दुकट्याला नको. डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के किंवा अमिट्राझ १२.५ टक्के, दोन्हीचं प्रमाण गोचिडांसाठी सहसा लिटरला २ मिलि असतं. बाटलीवरचं वाचून खात्री करा. जनावराला आधी पोटभर पाणी पाजा, म्हणजे ते अंग चाटणार नाही. धार काढून झाल्यावर फवारा. मोठ्या म्हशीला तीन-चार लिटर द्रावण लागतं. केसांच्या उलट दिशेने मारा. कानांच्या आत बोळ्याने लावा. शेपटीखाली, जांघेत, कासेच्या मागे आणि मानेच्या वळ्यांत गोचीड सर्वाधिक, आणि हात तिथेच पोचत नाही. पुढच्या धारेआधी कास साबणाने धुवा. जखमेवर फवारू नका. भर दुपारी किंवा पाऊस चालू असताना नको. अमिट्राझ घोड्याला कधीही नको. डेल्टामेथ्रिन मांजरीला घातक आहे आणि तबेल्यात मांजरी असतातच.

दुसरी फवारणी १५ ते २० दिवसांनी, तिसरी आणखी तितक्याच दिवसांनी. एका फेरीत फक्त त्या दिवशी अंगावर असलेले गोचीड मरतात. नंतर भेगांतून येणाऱ्यांसाठी पुढच्या फेऱ्या. दर वेळी भिंतही फवारायची. एकाच औषधाने काम होईना झालं तर प्रमाण वाढवू नका, गट बदला. फ्लुमेथ्रिन पाठीच्या कण्यावर ओतायचं असतं, १० किलोला १ मिलि. भर पावसाळ्यात ते सोयीचं, फक्त महाग.

रॉकेल, जळकं ऑइल, तंबाखूचं पाणी यांनी गोचीड पडतात हे खरं, पण कातडी सोलते आणि तंबाखूने जनावर दगावूही शकतं. शेतीची कीटकनाशकं तर अजिबात नको. करंजाच्या तेलाने थोडा आडोसा मिळतो, भरलेला गोठा साफ होत नाही. उरलेलं द्रावण नाल्यात ओतू नका.

गोचीड नखाने चिरडू नका. चिमट्याने ओढून साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाका, हातमोजे घालून. २०११ मध्ये गुजरातेत काँगो तापाचे रुग्ण आढळले होते, आणि तो विषाणू हायलोमा जातीच्या गोचिडांतून पसरतो. गुजरातेतून मुंबईला म्हशी सतत येत असतात. जनावराला खूप ताप, लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची, खांद्यापुढची गाठ सुजलेली, यातलं काहीही दिसलं तर गोचीडताप समजून त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. संकरित जर्सी आणि होल्स्टीन गाई यात लवकर जातात.

शेळ्या: पापणी उलटून बघा

शेळीचा खरा वैरी पोटातला रक्तपित्या गोल जंत, हिमॉन्कस. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते आणि पावसाळी दमट हवेत आठवडाभरात अळ्या गवतावर चढतात. शेळीला हगवण लागतेच असं नाही. ती फक्त फिकी पडत जाते आणि एके दिवशी बसते ती उठत नाही. म्हणून जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला खालची पापणी उलटून बघा. लाल-गुलाबी असेल तर औषध नको. फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवा. पांढरट असेल तर त्याच दिवशी डोस. सगळ्यांना न देता फिक्यांनाच दिलं की औषधाला सरावलेले जंत लवकर माजत नाहीत. शेळीला फेनबेंडाझोल म्हशीच्या हिशेबाने पुरत नाही, किलोला १० मिलिग्रॅम तरी लागतं. लेव्हामिसोल मात्र हातचं राखून, डॉक्टरांकडूनच, कारण योग्य आणि जास्त डोसांत अंतर थोडं. गाभण शेळीला पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका.

औषधाहून मोठी गोष्ट चाऱ्याची. बहुतेक अळ्या गवतावर दोन-तीन इंचच चढतात. वड, पिंपळ, फणस, सुबाभूळ, जांभूळ यांच्या फांद्या तोडून शेळीच्या तोंडाच्या उंचीवर बांधा. शेळीला तसंच खायला आवडतं आणि जंतांची वाट बंद होते. मंडईतला भाजीपाला जमिनीवर न टाकता टोपलीत द्या. फटींची लाकडी मचाण करून लेंड्या खाली पडू दिल्या तर करडांची रक्ती हगवणही कमी होते. लेंड्यांत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी. घाबरायचं कारण नाही, शेण तपासून औषध द्या.

कोंबड्या: रात्री बॅटरी घेऊन जा

दिवसा कोंबडीचं अंग साफ दिसतं, तरी अंडी कमी, तुरा फिका, आणि रात्री कोंबड्या खुराड्यात शिरायला तयार नाहीत. तिथे लाल माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे. ते दिवसा दांडीच्या फटीत दडतात आणि रात्री रक्त प्यायला येतात. अंधारात बॅटरीने दांडीच्या खालची बाजू बघा. पांढरा कागद धरून दांडी ठोका, लाल ठिपके पळताना दिसतील. कोंबडीशिवायही ते कित्येक महिने जगतात, म्हणून खुराडं रिकामं ठेवून भागत नाही. सगळं सुटं करून उकळतं पाणी ओता, उन्हात तापवा, फटी बुजवा, आठवड्याने पुन्हा तेच करा. दांड्यांची टोकं भिंतीला न टेकवता तेलाच्या वाटीत ठेवता आली तर उत्तम.

उवा मात्र अंगावरच राहतात. गुदद्वाराजवळच्या पिसांच्या बुडाशी लिखांचे पुंजके दिसतात. कोरडी राख आणि बारीक माती भरलेलं घमेलं छपराखाली कायम ठेवा. पावसात कोंबडीला लोळायला कोरडी जागाच मिळत नाही आणि उवा तेव्हाच वाढतात. पायाचे खवले उचलले जाऊन खरबरीत झाले असतील तर कोमट पाण्यात पाय भिजवून, ब्रशने हलकेच घासून, व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल आठवड्यातून दोनदा लावा. माइट गुदमरून मरतात.

पिल्लांना रक्ती हगवण, पिसं फुगवून गोळा झालेली, म्हणजे बहुधा कॉक्सिडिया, आतड्यातले सूक्ष्म परजीवी. अँप्रोलियम २० टक्के पावडर लिटरला सव्वा ग्रॅम, पाच दिवस, दुसरं पाणी न ठेवता. या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका, त्यातला बी-१ औषधाचा परिणाम मारतो. पिलांखालचं तूस रोज उलटून ओलं काढून टाका. गोल जंतांना पिपेराझिन, लहान पिलाला ५० आणि मोठ्या कोंबडीला १०० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांनी पुन्हा.

नवं जनावर, कुत्रा, वही

मुंबईच्या तबेल्यात ताजी व्यायलेली म्हैस हरियाणा-गुजरातेतून येते आणि दूध आटलं की जाते. म्हणजे परकं गोचीड सतत दाराशी. नवी म्हैस २१ दिवस शेवटच्या खुंट्यावर, बाकीच्यांपासून लांब. आली त्या दिवशी शेणाचा नमुना आणि फवारणी. देवनारच्या बाजारातून आणलेल्या बोकडालाही हाच नियम, घरी दुसऱ्या शेळ्या असतील तर नक्कीच.

तबेल्याभोवतीच्या कुत्र्यांना कच्चं काळीज-फुप्फुस टाकू नका. त्यातल्या पाण्याच्या गाठींतून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी त्याच्या विष्ठेतून वैरणीवर येतात, आणि माणसाच्या यकृतातही तशाच गाठी धरतात. पाळलेल्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी प्राझिक्वांटेल.

वही ठेवा. तारीख, जनावर, औषधाचा घटक, डोस, आणि दूध, अंडी किंवा मांस किती दिवस वापरायचं नाही ते. हा आकडा बाटलीवर असतो. आयव्हरमेक्टिन दुभत्या म्हशीला देऊ नका. बकरी ईदसाठी पाळलेल्या बोकडाला ते टोचायचं असेल तर महिना-सव्वा महिना आधी, त्यानंतर नाही. ईदला आठ-पंधरा दिवस उरलेले असताना बोकड खरजेने खाजवत असेल, तर डॉक्टरांना ईदची तारीख सांगूनच औषध ठरवा.